समुद्रतळावरची नारिंगी रेघ

आमच्या दुकानातून निघालेल्या चटया लालभडक होत्या. मी स्वतः बघितल्या होत्या, बाबांनी बघितल्या होत्या आणि होडीवाल्या लवू तांडेलांनी तर त्या उन्हात धरून उलटसुलट करून बघितल्या होत्या. मग पंचवीस मीटर खाली, समुद्राच्या तळाशी गेल्यावर त्या काळ्या कशा झाल्या?

हे कोडं एखाद्या रविवारी पडलं असतं तर मला मजा आली असती. पण त्या दिवशी दुपारचे सव्वादोन वाजले होते, माझी आजी त्याच तळाशी अडकली होती आणि तिच्याकडे संध्याकाळी सहापर्यंत पुरेल एवढीच हवा होती.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर तुमचाही गोंधळ होईल.

ही गोष्ट २०५३ सालच्या फेब्रुवारीतली. मी ऋजुता खवणेकर, तेव्हा बारा वर्षांची. मालवणच्या दक्षिणेला पोईबंदर नावाचं आमचं गाव आहे आणि जेटीला चिकटून बाबांचं छपाईचं दुकान. दुकान कसलं, साडेतीन मीटर रुंदीच्या प्रिंटरभोवती उभारलेली शेडच ती. होड्यांची शिडं, जत्रेचे फलक, शाळेचे पडदे, सगळं तिथेच छापलं जायचं. बाबा कामाच्या बाबतीत भलते कडक. छापलेलं प्रत्येक काम ते अंगणात नेणार, डोळे बारीक करून बघणार आणि एक जरी बारीक पट्टा उमटलेला दिसला तरी फाडून टाकणार. पसंत पडलं तरच मागच्या बाजूला त्यांचा रबरी शिक्का बसायचा, 'उन्हात पास'. रंगाचं खरं रूप उन्हातच कळतं, असं ते म्हणायचे. ते तसं म्हणाले की मी मनातल्या मनात त्यांची नक्कल करायचे, कारण दिवसातून दहादा ऐकून कान किटले होते.

माई म्हणजे बाबांची आई. ती समुद्रशास्त्रज्ञ. तळाशी उतरवलेल्या 'शिंपला' नावाच्या गोल खोलीत ती एकेक महिना राहायची आणि प्रवाळांचा अभ्यास करायची. त्या दिवशी सकाळी थोड्या वेळापुरता खाली उतरलेला तिचा जोडीदार नमुन्यांच्या पेट्या घेऊन वर आला, आणि तासाभरातच कुठल्याशा मोठ्या जहाजाचा निसटलेला नांगर तळावरून फरफटत आला. त्याने शिंपला उचलून काळ्या खडकांच्या गर्दीत नेऊन आदळला. माईला खरचटलंसुद्धा नाही, पण हवा शुद्ध करणारं यंत्र फुटलं. मालवणहून पाणबुडे निघाले होते, त्यांना पोचायला सात वाजणार होते.

त्या खडकांची टोकं पाण्याच्या वरपर्यंत आलेली, त्यामुळे शिंपल्याच्या डोक्यावर होडी नेता येत नव्हती. लवू तांडेलांनी होडी चाळीस मीटर अलीकडे उभी केली आणि तिथून हवाघंटा (आत हवा भरलेली, माणसाला बसवून वर खेचता येणारी लोखंडी घंटा) तळाशी सोडली. माईकडे लहान हवेचं नळकांडं होतं. ते पाठीला लावून शिंपल्यातून बाहेर पडायचं आणि चाळीस मीटर पोहून घंटेत शिरायचं, एवढंच काम. नळकांड्यात हवा दहा मिनिटांची.

अडचण एकच होती. त्या गढूळ पाण्यात चार मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. टॉर्च लावला की धुक्यात गाडीचे दिवे लावल्यासारखं सगळं पांढरं व्हायचं. दोर टाकून बघितला, तर तो प्रवाहात वाहत जाऊन खडकांना गुंतला, आणि गुंतलेला दोर म्हणजे पोहणाऱ्याचा वैरीच. म्हणून वाटेवर खुणेच्या चटया टाकायच्या ठरल्या. दर दोन मीटरला एक, अशा वीस. बाबांनी त्या लाल छापल्या, कारण उन्हात सगळ्यात उठून दिसतो तो लाल. चारी कोपऱ्यांना जाळ्याची शिसं बांधली आणि कुर्लीने त्या तळावर मांडल्या.

कुर्ली म्हणजे आमच्या बंदराचा यंत्रमानव. सहा पाय, दोन नांग्या, आणि पाठीवरून होडीपर्यंत जाणारी केबल. तीच पुढे होऊन माईला घेऊन आली असती, पण प्रवाह इतका होता की माणूस आत शिरेपर्यंत कुणीतरी तळाशी घंटा धरून ठेवली नाही तर ती हेलकावे खाऊन खडकावर आपटली असती. त्यामुळे चटया मांडेपर्यंत घंटा थोडी वर उचलून ठेवली, आणि मग कुर्ली परत येऊन तिला धरून थांबली.

आणि मग शिंपल्याच्या काचेतून बाहेर बघत माई ध्वनिफोनवर (पाण्यातून रेडिओच्या लहरी फार दूर जात नाहीत, म्हणून आवाजाच्या लहरींवर चालणारा फोन) बोलली. होडीवरच्या वायरलेसवरून ते आम्हाला दुकानात ऐकू आलं.

"चटया कुठे आहेत रे?"

"तुझ्या दारापासूनच सुरू होतायत, आई," बाबा म्हणाले. "लाल."

"लाल काही नाहीये इथे. काळे खडक आहेत, काळं शेवाळ आहे आणि वाळू आहे."

लवू तांडेलांचा आवाज मध्येच घुसला. "अरे, कुर्लीक इचार! तिनाच घातल्यान ना?"

कुर्ली कधी घाबरत नाही, त्यामुळे तिचा आवाज ऐकून जास्तच भीती वाटते. "चटया जागेवर आहेत," ती म्हणाली. "चटयांचा रंग काळा आहे."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या हातात अजून तो शिक्का होता.

"शाई धुऊन गेली का?" मी विचारलं.

"धुऊन कशी जाईल? ही शाई दिव्याखाली जागच्या जागी पक्की होते."

"मग पांढऱ्या छापूया!"

"पांढरी चटई इथे वाळूसारखीच दिसेल गो," माई खालून म्हणाली. तिचा आवाज शांत होता, वर्गात शिकवताना असायचा तसा. मला तिचा थोडा रागच आला. इतकं शांत काय राहायचं? "चूक माझीच. मला आधीच सुचायला हवं होतं. ऋजू, सूर्याच्या उजेडात किती रंग असतात?"

"माई, आत्ता?"

"आत्ताच. उत्तर दे."

"सात."

"ते सगळे पाण्यात शिरतात, पण सगळे खाली पोचत नाहीत. पाणी वाटेत एकेक रंग गिळतं. सगळ्यात आधी लाल. दहाएक मीटरवर तो संपतोच. मग नारिंगी, मग पिवळा. माझ्यापर्यंत येतो तो फक्त निळा आणि हिरवा उजेड. आता सांग, लाल शाई लाल का दिसते?"

मला माहीत होतं. "ती बाकीचे रंग शोषून घेते आणि लाल तेवढा परत पाठवते."

"म्हणजे ती चाळणी आहे. चाळणीतून काय पडणार? आत असेल तेच. इथे लाल आतच येत नाही, मग शाई परत काय पाठवणार? कपाळ?"

काही परत आलं नाही, म्हणून काळी. कोडं सुटलं होतं, पण माई होती तिथेच होती. घड्याळात अडीच वाजले.

तेवढ्यात कुर्ली म्हणाली, "दुरुस्ती. एक रेघ काळी नाही."

"कसली रेघ?"

"घंटेजवळच्या चटईच्या कडेला बारीक रेघांचे सहा गट आहेत. पाच गट काळे किंवा निळसर. एक गट नारिंगी. खूप नारिंगी."

बाबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. ती नोझल तपासणी होती!

काम सुरू करण्याआधी मोठा प्रिंटर कडेला प्रत्येक शाईच्या बारीक रेघा मारून दाखवतो. रेघ तुटक आली तर समजायचं, ते नोझल (शाईचा थेंब सोडणारं केसाहून बारीक छिद्र) तुंबलंय. बाबा तो तुकडा कात्रीने नेहमी कापून टाकायचे. असलं ओंगळ काम गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या दिवशी घाईत तो कापायचा राहिला होता.

"सहावी टाकी," मी म्हणाले. "बाबा, सहाव्या टाकीत फ्लुरोसंट आहे! गेल्या वर्षी नौकास्पर्धेच्या झेंड्यांना वापरलेली!"

"काय म्हणालीस?" माईचा शांतपणा पहिल्यांदाच हलला. "फ्लुरोसंट शाई? अगं, मग आपण वाचलो! तिच्यात प्रतिदीप्ती असते (एका रंगाचा उजेड गिळून दुसऱ्याच रंगाचा उजेड बाहेर टाकण्याचा गुण). ती चाळणी नव्हे, ती गिरणी. गिरणीत तांदूळ घालतो आणि पीठ निघतं की नाही? तशी ही शाई निळा उजेड खाते आणि नारिंगी उजेड बाहेर काढते. इथे निळा भरपूर आहे."

"उलटं पण होतं का? नारिंगी घालून निळा?"

"नाही. निळ्या उजेडात ऊर्जा जास्त, नारिंगीत कमी. मधला फरक थोड्याशा उष्णतेत जातो. तांदळाचं पीठ होतं, पिठाचा तांदूळ होत नाही. आणि अजून एक गोष्ट, ही नीट ऐका. गिरणीत दाणे पडायचे थांबले की पीठही त्याच क्षणी थांबतं. ही शाई उजेड साठवून ठेवत नाही. सूर्य कलला की त्याचे किरण पाण्यावरून घसरून जातात. पाच वाजल्यानंतर इथे अंधार असेल. मग तुमची शाईसुद्धा काळीच."

म्हणजे आमच्याकडे सहापर्यंत वेळ नव्हताच. पाचपर्यंतच होता.

बाबांनी सहावी टाकी काढून उजेडात धरली. चहाच्या अर्ध्या पेल्याएवढी शाई उरली होती.

"वीस चटया पूर्ण रंगवायला याच्या दहापट शाई लागेल," ते म्हणाले. मग क्षणभर विचार करून, "नेहमीचा लाल मिसळू. वाढवून पुरवू."

"नको, बाबा!"

"का नको? उन्हात किती छान दिसेल."

"माई उन्हात नाहीये!" मी ओरडले. बाबांवर मी कधी ओरडत नाही. "लाल शाई निळा उजेड गिळून टाकेल, गिरणीत दाणे जातीलच कुठून?"

बाबा म्हणाले, "दाखव."

कसं दाखवायचं? अंगणात शिडाच्या गठ्ठ्यांवर गर्द निळी प्लॅस्टिकची ताडपत्री ताणलेली होती. मी तिच्याखाली घुसले. आत सगळं निळं होतं, माझे हातसुद्धा. बाबांनी दोन ठिगळं छापून आणली, एक नुसत्या फ्लुरोसंटचं आणि एक लाल मिसळलेलं. उन्हात मिसळलेलं खरंच जास्त झोकदार दिसत होतं. ताडपत्रीखाली आणल्याबरोबर ते मळकट तपकिरी झालं. शुद्ध ठिगळ मात्र निखाऱ्यासारखं पेटलं.

बाबांनी एकदा त्या ठिगळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बाण छापू," ते म्हणाले. "प्रत्येक चटईवर एकच बाण. पांढऱ्या कापडावर, म्हणजे मागे गेलेला उजेडही परत येईल. तेवढी शाई पुरावी."

तीन वाजून पाच मिनिटांनी प्रिंटर सुरू झाला. पहिला बाण अर्धा झाला आणि मी वाकून बघितलं. बाणावर आडवे पांढरे पट्टे होते. वर्षभर न वापरलेल्या शाईची काही नोझलं तुंबली होती.

बाबांचं बोट सवयीने 'सफाई'च्या बटणाकडे गेलं. सफाई म्हणजे यंत्र नोझलांतून जोराने शाई ओढून फेकून देतं. एका सफाईत पाव टाकी जाते.

बोट बटणावर होतं. पण बाबा सगळा हिशेब माझ्याआधीच करून बसले होते. पट्टे पडलेलं काम त्यांनी आयुष्यात दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी बोट मागे घेतलं आणि हात खिशात कोंबला.

"पडू देत पट्टे," ते म्हणाले. "आईला बाण हवाय, शोभा नकोय."

प्रिंटरचं डोकं इकडून तिकडे सरकत राहिलं. मी कापत होते, बाबा शिसं बांधत होते. चार वाजायला वीस मिनिटं असताना एकोणीस बाण झाले. विसाव्याचं नुसतं टोक उमटलं आणि शाई संपली.

"एकोणीस तर एकोणीस," बाबा म्हणाले. "आईच्या दारापासून मांडत यायचं. शेवटचा घंटेजवळचा नसेल."

एक छोटी होडी येऊन चटया लवू तांडेलांच्या होडीवर घेऊन गेली, आम्हीही तिच्यातूनच गेलो. कुर्ली त्या घेऊन खाली उतरली, तोवर लवू तांडेलांनी आणि खलाशांनी घंटा पुन्हा वर उचलून कशीबशी आवरली. सूर्य आमच्या डोळ्यांत येत होता आणि दर पाच मिनिटांनी तो मला आणखी खाली गेलेला दिसत होता.

"दिस कलाक लागलो हा," लवू तांडेल पुटपुटले.

चार पस्तीसला घंटा पुन्हा तळाशी आली, कुर्लीने ती धरली आणि माईचा आवाज आला. "दिसला! पहिला बाण दिसला. अरे, काय सुरेख नारिंगी आहे! दुसराही दिसतोय. निघते मी."

शिंपल्याचं दार उघडलं की फोनही मागे राहणार होता. त्यानंतर दहा मिनिटं आमच्याकडे फक्त कुर्लीचा कॅमेरा होता, आणि त्यात घंटेभोवतीचं निळं धुकं.

एक मिनिट गेलं. दोन. तीन. बाबांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुखत होता, पण मी हलले नाही. पाच मिनिटं झाली. कुर्ली म्हणाली, "आकृती दिसते. एकोणिसाव्या बाणापाशी. अंतर चार मीटर." पडद्यावर एक अंधुक सावली होती.

सावली थांबली. तिला पुढचा बाण दिसत नव्हता, कारण पुढचा बाण नव्हताच. घंटा होती, पण काळी घंटा काळ्या खडकांतलाच एक खडक वाटत असणार. प्रवाहाच्या रेट्याने सावली डावीकडे वळली.

"ती चुकतेय!" बाबा ओरडले. "कुर्ली, जा!"

"घंटा सोडल्यास आपटण्याची शक्यता जास्त आहे," कुर्ली म्हणाली. "एक नांगी मोकळी आहे."

एक नांगी मोकळी आहे! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "कुर्ली, ती जुनी चटई, रेघांची! घंटेजवळची! तिची कड फाड आणि वर धर. हलव, जोरात हलव!"

पडद्याच्या कोपऱ्यात नांगी वर गेली. तिच्यात वीतभर तुकडा होता, आणि त्या तुकड्यावर बोटाएवढी नारिंगी रेघ. ती डावीकडे उजवीकडे नाचू लागली. खाली उजेड आता खूपच मंदावला होता. रेघही मंद झाली होती, पण पेटलेली होती.

सावली तशीच डावीकडे चालली होती. मग ती थबकली आणि वळली.

पडद्यावर सावली मोठी होत गेली, तिला हात फुटले, पाय फुटले, आणि एका हाताने कुर्लीची नांगी पकडली. थोड्या वेळाने घंटेतल्या फोनवर धापा टाकणारा आवाज आला.

"कोणी... हलवली... ती रेघ?"

"इली गो बाय, इली!" लवू तांडेलांनी मला उचललंच. मी हसत होते की रडत होते, मला नाही सांगता येत. बाबा सरळ रडत होते.

माईला लगेच बाहेर मात्र येता आलं नाही. इतके दिवस तळाशी राहिलं की शरीरात वायू मुरतो, तो सावकाश निघावा लागतो. त्यामुळे घंटेचं दार घट्ट बंद करून ती दाबासकट होडीवर आणून ठेवली आणि माई दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आतच बसली. मी सकाळी पेजेचा डबा घेऊन गेले, तो छोट्या झडपेतून आत गेला. जाड काचेपलीकडे तिचे पिकलेले केस विस्कटलेले होते आणि डोळे चमकत होते.

"आता तळावरच्या अशा प्रत्येक खोलीभोवती बाण मांडायचे," ती म्हणाली. "समुद्रतळावरच्या वाटा! आणि तुला एक नवीन कोडं देऊ? गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा असं म्हणतात. कधीतरी तिथे यंत्रमानव जाईल. पण तिथे सूर्याचा उजेड पोचणारच नाही. मग गिरणीला दाणे कुठून आणशील?"

"निळा दिवा बरोबर नेईन," मी म्हणाले.

"आणि त्या दिव्याला वीज कुठून?"

मी डोकं खाजवलं. त्याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही, पण शोधतेय. तुम्हाला सापडलं तर कळवा.

दुकानात आता अंगणाच्या एका कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीची कायमची खोली आहे. बाबांनी दुसरा शिक्का करून घेतलाय, 'पाण्यात पास'. आणि दारावर, जिथे आमच्या सगळ्यात चांगल्या कामाचा नमुना लावायची पद्धत आहे, तिथे पट्टे पडलेला एक नारिंगी बाण टांगलाय. त्याच्याखाली वेडीवाकडी फाटलेली रेघांची कड.

परवा मालवणचं एक गिऱ्हाईक आलं. त्याने बाणाकडे बघून नाक मुरडलं. "खवणेकर, हे असलं पट्ट्यापट्ट्यांचं काम तुमच्या दुकानातून बाहेर गेलंच कसं?"

बाबांनी डोकंही वर केलं नाही. "मीच पाठवलं," ते म्हणाले, "आणि बदल्यात आई परत आली."